टोलीच्या विहिरीचं माप

१५ जानेवारी २०११

काठापासून पाणी चार मीटर पस्तीस खाली. दोनदा टेप सोडला, दोन्ही वेळा तेच.

काठावर चार जणी पाणी भरायचे गुंड घेऊन उभ्या. "अन्नपूर्णाबाई, लवकर मोजा नं, घरी चूल पेटवून आलो." म्हटलं, तुम्ही पाणी हलवलं तर माझा आकडा हलेल, गपचूप बसा. बसल्या! चौथी शिकलेल्या बाईचं अख्खी टोली, बत्तीस घरांची वस्ती, ऐकून राहिली. बरं वाटलं.

योगेश्वरी मॅडमनं मागच्या वर्षी दोन वह्या दिल्या. मॅडम पाण्याच्या ऑफिसातली, फुलचूरची, वय माझ्या पोरीएवढं. एक वही आकड्यांची – दर एक तारखेला आणि पंधरा तारखेला टोलीची विहीर मोजायची. दुसरी ही. म्हणाली, "मनातलं लिहा काकू, अक्षर सुधारेल." वर्षभर कोरी पडून होती. मनात काय असतं? भात, भाजी, नवऱ्याचा खोकला! पण आता धान घरात आलं, हात रिकामे. तर लिहिते.

१८ जानेवारी

काही झालं नाही. ऊन छान होतं.

१ फेब्रुवारी

टेपचं तोंड कुजलं होतं. कापडीच टेप तो, पाण्यात बुडून बुडून किती टिकणार? दशा निघाल्या, वजन कधी विहिरीत पडेल नेम नाही. विळ्यानं हातभर कापून टाकलं आणि नाल्यातला गुळगुळीत गोटा बांधला. वीतभर टेप गाठीतच गेला, पण गाठ अशी की म्हैस बांधली तरी सुटणार नाही. पाच मिनिटांत काम! ऑफिसात अर्ज करत बसली असती तर पावसाळा आला असता.

पाणी पाच मीटर एकतीस. बरंच उतरलं.

रात्री माझ्या मैत्रिणीच्या, अल्काच्या, वाडीतली वांगी केली. खेमराजनं दोनदा भाजी मागून घेतली. (नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. वहीत घ्यायला काय जातं!)

३ फेब्रुवारी

मन लागेना, मागच्या वर्षीचं पान काढलं. एक फेब्रुवारीला चार पासष्ट. यंदा पाच एकतीस! दोन फुटांच्या वर फरक. आणि पाऊस तर यंदा मागच्यापेक्षा बरा होता. पाणी गेलं कुठं?

१५ फेब्रुवारी

पाच बासष्ट. मागच्या वर्षी चार सत्त्याण्णव.

खेमराजला विचारलं. ही विहीर त्यानंच खोदली आहे, लग्नाच्या आधी, बाकीच्या माणसांसंगं. तो म्हणाला, "वरची सात फूट माती. मंग मुरूम, हातानं चुरते असा. अठ्ठावीस फुटावर गोटा लागला, पहार मारली का ठिणगी निघे. पाणी सगळं मुरमात आहे. गोट्यात काही नाही. मुरूम संपला का पाणी संपलं." मग आणखी खाली काऊन खोदली? "ठेकेदार म्हणे अजून खोल गेलं का अजून पाणी. आठ फूट गोटा फोडला, एक थेंब नाही वाढला."

अठ्ठावीस फूट म्हणजे साडेआठ मीटर. मागच्या वर्षी मे संपताना साडेसातला होतं. त्यात दोन फूट घाला. कसंबसं भागेल. एखादा आठवडा पाऊस लांबला तर बत्तीस घरं कोरडी. टोलीत दुसरी विहीर नाही. दोन खोदल्या होत्या, नाल्याकडं, खालच्या अंगाला. दोन्ही फुकट गेल्या, आता त्यात बकऱ्या पडतात.

१७ फेब्रुवारी

कळलं पाणी कुठं गेलं!

दिवाळीत अल्कानं वाडीत बोर मारला. एकशे ऐंशी फूट. त्याच्याआधी विहीर ठीक, त्याच्यानंतर विहीर खाली. यात शिकायला काय लागतं?

अल्का माझ्या घरापासून चौथं घर. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन या टोलीत आलो. तिचा माणूस जाऊन सहा वर्षं झाली, पोरगी देवरीला दिली. टोलीखालच्या वाडीवर जगते – वांगी, मिरच्या, सांबाराच्या जुड्या. उदाराम बुढ्यानं तळहातावर नारळ धरून तिला जागा दाखवली, नारळ उभा राहिला म्हणे. पाणी लागलं तेव्हा सगळ्यात आधी मीच नाचली. आता वाटतं, कायले नाचली!

१९ फेब्रुवारी

अल्काला तोंडावरच सांगितलं. मागून बोलायची माझी सवय नाही.

"तुह्या बोरानं टोलीची विहीर खाल्ली."

ती हसली आधी. मग दिसलं की मी हसून नाही राहिली. म्हणाली, "काऊन वं, मी काय विहिरीत पाइप टाकला का? माह्या दोराले विचार." तिच्या दोराला गाठी आहेत, दोन-दोन हातांच्या अंतरावर, तिच्या सासूनं मारलेल्या. म्हणाली, "मागच्या फेब्रुवारीत बकेट पाण्याले टेकली का पाचवी गाठ काठावर ये. आजही पाचवीच येऊन राहिली. पाणी कुठं गेलं तुह्यं?"

म्हटलं, दोर खरा का सरकारी टेप खरा? दोर भिजला का ताणते, वाळला का आखडते.

"अन् तू? तू तं भिजली तरी आखडते," म्हणाली आणि फाटक लावून घेतलं.

लावू दे!

१ मार्च

पाच पंच्याण्णव. मागच्या वर्षी पाच एकोणतीस. विहिरीवर सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं.

२० मार्च

धुळवड. रंग झाला, जेवण झालं. अल्का आली नाही.

२८ मार्च

मोहफुलं पडून राहिली. पहाटे टोपली घेऊन निघायचं, झाडाखाली वाकायचं, ऊन चढायच्या आत परत. कंबर दुखते, पण असा वास दुसऱ्या कशाला नाही. तीन टोपल्या अंगणात वाळत घातल्या. खेमराजचा खोकला गेला. वर्षात या दिवसांसारखे दिवस नाहीत.

दरवर्षी अल्का आणि मी संगं जात होतो. यंदा ती पलीकडच्या मोहाखाली, मी अलीकडच्या. मध्ये सुशिलाबाईची म्हैस.

५ एप्रिल

योगेश्वरी मॅडम आली. आकडे उतरवून घेतले. मी बोराचं सांगितलं. वाटलं म्हणेल, शाबास काकू. तर म्हणते, "असं होणार नाही. चला माझ्यासोबत."

टोलीच्या वर मातामायचे काळे गोटे आहेत. गावच्या पाटलांकडचे लोक तिथं शेंदूर लावतात. आम्ही लावत नाही, पण गोट्यांना पायही लावत नाही. मॅडम म्हणाली, नीट पाहा, हे गोटे एका ओळीत आहेत. पाहिलं. खरंच एका ओळीत! तीस वर्षं तिथून सरपण आणते, कधी दिसलं नाही.

मग बसून सांगितलं. इकडचा दगड फार जुना म्हणे, नागपूरच्या पलीकडं जसे काळ्या दगडाचे थरावर थर आहेत तसा नाही. वैनगंगेच्या काठाला, तिरोड्याकडं खाली रेती आहे, तिथं पाणी रेतीत दूरवर फिरतं. आमचा दगड सबंध, त्यात पाणी शिरत नाही. फक्त वरचा दगड ऊन-पावसानं कुजला, त्याचा मुरूम झाला. त्या मुरमात पाणी. दगडावर ओलं पोतं टाकलं तसं. पोतं जिथं जाड तिथं विहीर लागते, पातळ तिथं कोरडी जाते. म्हटलं, हे तर आमचा माणूस सांगते! ती म्हणाली, "मग तुमचा माणूस हुशार आहे." खेमराजला सांगितलं नाही. चढून बसेल.

आणि काळे गोटे? ते खालून आले म्हणे. दगडाला फट पडली, खालचा दगड पातळ होऊन त्या फटीत चढला आणि थिजला. मी म्हटलं, फुटक्या मडक्याच्या फटीत लाख भरतो तसं? "अगदी तसंच!" आम्हाला वर दिसतात ती फक्त त्याची डोकी. खाली सलग भिंत आहे. विहीर भिंतीच्या वरच्या अंगाला. अल्काचा बोर खालच्या अंगाला, आणि त्याचं पाणी खोल फटीतलं. इकडचं इकडे, तिकडचं तिकडे.

ऐकून घेतलं. पण जमिनीखालची भिंत कोणी पाहिली? कागदावर रेघ ओढली म्हणून भिंत होते का?

चहाला थांबली नाही, बस होती.

१४ एप्रिल

जयंती. पंचशीलाचा झेंडा चढवला, मिरवणूक देवरीपर्यंत गेली. गाण्यात दरवर्षी अल्का वरचा सूर घेते, मी खालचा. ती आज मागच्या रांगेत उभी राहिली. माझा खालचा सूर एकटाच, बैलगाडीसारखा.

१५ एप्रिल

सात मीटर शून्य एक. मागच्या वर्षी सहा पस्तीस.

१ मे

ग्रामसभा.

सरपंच केवलराम म्हणाला, "वही काय म्हणते, अन्नपूर्णाबाई?" उभी राहिली. दोन्ही वर्षांचे आकडे वाचले. एकदाही अडखळली नाही. सभेत इतकी शांतता मी शाळेतही पाहिली नव्हती.

अल्काला विचारलं. ती म्हणाली, "माह्याजवळ वही नाही. दोर आहे." लोक हसले. मी नाही हसली. उदाराम बुढा उठला आणि म्हणाला की नारळ खोटं बोलत नाही, तर लोक आणखी हसले.

मॅडमची भिंत मी सांगितली. आपल्याला जे सांगितलं ते लपवत नाही मी. केवलराम म्हणाला, "मॅडम कागद वाचते, तुम्ही विहीर वाचता." ऐकून बरं वाटलं, खोटं कायले लिहू.

ठरलं – पाऊस पडेपर्यंत अल्काची मोटर बंद.

टोलीसाठी केलं. बत्तीस घरांसाठी.

२ मे

मोटरचा आवाज नाही. टोली शांत. जेवण गेलं नाही.

६ मे

अल्का सकाळ-संध्याकाळ दोन-दोन गुंड विहिरीवरून नेते आणि वांग्याच्या बुडाशी ओतते. मिरच्या सोडून दिल्या, त्या वाळल्या. निर्मलाबाई म्हणाली, "पिण्याचं पाणी झाडाले टाकून राहिली!" मी तिच्यावरच खेकसली. घरचे दोन गुंड आहेत तिचे. पिवो का झाडाला घालो.

दोर ओढताना गाठी मोजून राहिली होती. तोंडानं नाही, बोटानं.

९ मे

आज स्वतःच पाहून आली. कोणाला सांगितलं नाही.

मातामायच्या गोट्यांपासून ओळ धरली. एक गोटा, मग वीस पावलांवर दुसरा, मग धानाच्या बांधीच्या धुऱ्यात, बांधावर, तिसरा – धुरा तिथं वाकडा आहे, कारण नांगर अडतो! मग केशोरावच्या शेतात जिथं धान नेहमी बुटकं राहतं ती पट्टी. मग नाला. नाल्यात तीच काळी ओळ आडवी, इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत, कोणी बांधल्यासारखी सरळ.

तिच्या वरच्या अंगाला रेती ओली. हातानं उकरलं, कोपरभर खड्ड्यात पाणी झिरपलं, मे महिन्यात! ओळ ओलांडून खालच्या अंगाला गेली. तिथंही उकरलं. कोपरभर, मग खांद्यापर्यंत. कोरडा भुगा.

तिथंच बसून राहिली. ही तर तलावाची पार! पार घालून पाणी अडवतात तशीच ही जमिनीच्या पोटातली पार, आणि आमची टोली तिच्या वरच्या अंगाला बसलेली. आमच्या विहिरीला पाणी का आहे आणि खालच्या दोन कोरड्या का गेल्या, ते तीस वर्षांनी कळलं. कोणी खोदली नाही, कोणी बांधली नाही, आणि आम्ही तिच्या भरवशावर जगून राहिलो! ऊन डोक्यावर आलं तरी उठावंसं वाटलं नाही. इतकं चांगलं मला पोरगी झाली तेव्हा वाटलं होतं.

घरी येताना चांगलं वाटणं उतरलं. पार खरी, तर अल्काचा बोर पारीच्या खाली. मग आमचं पाणी कोण नेतं?

भिंतही खरी. आकडाही खरा. दोन्ही खरं कसं?

१५ मे

सात पंचाहत्तर. मागच्या वर्षी सात शून्य नऊ.

पंधरा दिवस मोटर बंद. तरी फरक तितकाच. कमी नाही, जास्त नाही.

१७ मे

बुद्धपौर्णिमा. खीर केली. अल्काला डबा पाठवला. तिनं ठेवून घेतला, धुऊन परत पाठवला. रिकामा.

आमच्या टोलीत रिकामा डबा परत येत नाही. काही नाही तर चिमूटभर साखर टाकतात.

१९ मे

मॅडमचा फोन आला. म्हणाली, "काकू, आकडे मांडून बसले आहे. बोर पाणी ओढत असता तर फरक महिन्यामहिन्यानं वाढला असता. हा तर फेब्रुवारीपासून तितकाच. पाणी असं वागत नाही. टेप ठीक आहे ना?"

मी म्हटलं, टेपाले काय होते? मजबूत गोटा बांधला आहे.

"गोटा?"

हो, म्हटलं, जुनं वजन गेलं.

मग म्हणाली, "नवा टेप बसनं पाठवते. दोन्ही शेजारी ठेवून बघा."

आता टेपवर संशय! या शिकलेल्या पोरींना विहिरीपेक्षा कागद खरा वाटतो.

२० मे

वळवाचे चार थेंब. जांभळं लागली.

२४ मे

देवरीच्या बसनं टेप आला. नव्याच्या तोंडाला शून्य लिहिलं आहे. जुना शेजारी ठेवला. जुन्याचा गोटा पाण्याला टेकतो तिथं शून्याऐवजी सहासष्ट सेंटिमीटर, दर वेळचा फरकही तेवढाच.

या वहीची पानं उलटली. एक फेब्रुवारी. विळा माझा, हात माझा. विहिरीतून कोणी काहीच नेलं नव्हतं.

तशीच अल्काच्या दारात. जुना टेप तिच्या पुढ्यात टाकला, सांगितलं. ती गोटा हातात घेऊन बसली. मग म्हणाली, "तीन महिने विचार करून राहिली होती, खोट टेपात आहे का तुह्यात. टेपात निघाली, बरं झालं. चाल केवलरामकडं. पण बोलशील तू."

बोलली. चावडीवर, सगळ्यांसमोर. मोटर चार वाजता सुरू झाली.

मग दोघी विहिरीवर. मी नवा टेप सोडला, तिनं दोर. गाठ जिथं यायची तिथंच आली.